लव, लोकर आणि निसर्गाची साक्ष

मध्यंतरी बोर्डाच्या परीक्षेत पहिल्या आलेल्या एका मुलीचा फोटो समाजमाध्यमांवर फिरला. तिच्या गुणांचं कौतुक एखादा दिवस टिकलं असेल. मग लोकांची नजर तिच्या ओठांवरच्या लवेवर गेली आणि तिथेच खिळली. टिंगल करणाऱ्यांनी काय लिहिलं ते इथे पुन्हा उगाळत नाही. मला जास्त अस्वस्थ केलं ते तिची बाजू घेणाऱ्यांनी. एक गट म्हणाला, केस निसर्गाने दिलेत, निसर्गाला का नावं ठेवता? दुसरा म्हणाला, बिचारीला हार्मोन्सचा त्रास असेल, आजारी माणसाला हसू नये. तिसरा गट विज्ञाननिष्ठ: अंगावरचे केस हा माकडपणाचा उरलेला अवशेष, आता त्याचा काही उपयोग नाही, ठेवले काय नि काढले काय! तिन्ही गटांचा हेतू चांगला होता. खटला मात्र त्यांनी असा चालवला की मी समोरच्या बाजूची वकील असते तर मला त्यांचे आभारच मानावे लागले असते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. केस ठेवावेत की काढावेत, या वादात निसर्गाला साक्षीला बोलावण्यात काही हशील नाही, कारण हा साक्षीदार ज्याला जे हवं ते बोलतो. केसांना निसर्गात एकच एक काम नाही. त्यांच्याबद्दल जेवढं खरं कळेल तेवढं जरूर कळून घ्यावं. त्याने बऱ्याच खोट्या समजुती गळून पडतात. पण त्या गळल्यावर जो प्रश्न उरतो तो जीवशास्त्राचा नाही. कुणाच्या अंगावरच्या केसांचं काय करायचं हे ठरवणार कोण, असा तो प्रश्न आहे. तीस-एक वर्षं प्राणिशास्त्र शिकवून मी या मताला आले आहे; म्हणजे माझ्याच विषयाला मी साक्षीच्या पिंजऱ्यातून खाली उतरायला सांगते आहे.

आधी 'केस' हा शब्दच बघा. आपण तो सढळ हाताने वापरतो. मक्याच्या कणसाला केस, सुरवंटाला केस. भेंडीवर लव, बांबूवर कूस, आणि खाजकुयलीच्या शेंगेवर तर अशी लव की चुकून हात लागला तर माणूस नाचायला लागतो. यातलं कुणीच कुणाचं नातलग नाही. सस्तन प्राण्याचा केस केराटिन या प्रथिनाचा असतो आणि त्वचेत खोल रुतलेल्या रोमकूपातून, म्हणजे केसाच्या बिळातून म्हणा हवं तर, वर ढकलला जातो. मधमाशीच्या अंगावरचे फांद्या फुटलेले केस कायटिनचे, म्हणजे कीटकांचं कवच ज्याचं असतं त्याचे. परागकण त्यांत अडकतात. यवतमाळच्या शेतात वेचला जाणारा कापूस म्हणजे सरकीच्या अंगावरचे केस. त्यातला एकेक तंतू म्हणजे अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची एकच पेशी, आणि ती सेल्युलोजची. तुळशीचं पान चुरगळल्यावर जो वास येतो तो पानावरच्या इवल्याशा ग्रंथी असलेल्या केसांतला. कोळ्याच्या पायांवर असे केस असतात की माशीच्या पंखांनी हललेली हवा त्याला कळते. म्हणजे 'केस' हे मुळात एका आकाराचं नाव आहे. बारीक, लांब, एक टोक मोकळं असलेल्या वस्तूने हवा अडवता येते, वारा ओळखता येतो, तेल साठवता येतं, शत्रूला टोचता येतं. जिथे जिथे असं काही हवं होतं तिथे तिथे हा आकार नव्याने घडला. त्याच्यामागे एकच हेतू शोधणं म्हणजे दोरी कशासाठी असते असं विचारण्यासारखं आहे. विहिरीवर विचारा, गोठ्यात विचारा, झोपाळ्यावर बसलेल्या पोराला विचारा.

सस्तन प्राण्यांपुरतं बोललं तरी चित्र सोपं होत नाही. पॅसिफिकच्या थंड पाण्यातल्या समुद्री पाणमांजराच्या अंगावर एका चौरस सेंटिमीटरला लाखाहून जास्त केस असू शकतात. आपल्या अख्ख्या डोक्यावर जेवढे, तेवढे त्याच्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत. त्याला देवमाशासारखा चरबीचा थर नसतो, केसांत कोंडलेली हवा हाच त्याचा कोट. 'केस ऊब देतात' हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य त्याला तंतोतंत लागू. आता हत्ती घ्या. २०१२ साली प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी गणित मांडून दाखवलं की हत्तीच्या अंगावरचे विरळ केस उष्णता धरून ठेवत नाहीत, उलट ती बाहेर टाकायला मदत करतात. दाट केस हवा कोंडून ठेवतात. विरळ केस त्वचेला चिकटलेल्या स्तब्ध हवेच्या थरातून डोकं बाहेर काढतात आणि गाडीच्या रेडिएटरच्या पात्यांसारखे वागतात. प्रथिन तेच, काम नेमकं उलटं. साळिंदराचे काटे हेही केसच. आफ्रिकेतला बिळात राहणारा मोल रॅट 'नग्न' म्हणून प्रसिद्ध आहे, पण त्याच्या अंगावर शंभराच्या आसपास केस असतात आणि अंधारात तो त्यांच्या आधाराने चाचपडत चालतो. डॉल्फिनचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या तोंडावर मोजून काही केस असतात, मग तेही जातात. (कोकणातल्या खवल्या मांजराची खवलं मात्र केस नव्हेत. ती केराटिनची, म्हणजे आपल्या नखांत जे असतं त्याचीच. त्यांत औषध आहे या समजुतीपायी हे गरीब जनावर मारलं जातं. औषधच हवं असेल तर नेलकटर पुरेल, असं मी वर्गात म्हणायची.)

मग सुरुवात तरी कशासाठी झाली? इथेही सरळ उत्तर मिळत नाही. चीनमधल्या इनर मंगोलियात सापडलेला कॅस्टोरोकॉडा हा सुमारे १६ कोटी वर्षांपूर्वीचा पोहणारा प्राणी; त्याच्या जीवाश्मात केसांचे स्पष्ट ठसे आहेत. तोवर केस चांगले रुळले होते. त्याआधीचं? २००८ साली असं दिसलं की केसांच्या केराटिनची जनुकं सरड्यातही आहेत, आणि तिथे ती पंजाच्या नखांत कामाला आहेत. २०१६ साली भ्रूणांच्या अभ्यासातून पुढे आलं की सरपटणाऱ्यांची खवलं, पक्ष्यांची पिसं आणि आपले केस त्वचेवरच्या एकाच प्रकारच्या उंचवट्यातून अंकुरतात. म्हणजे केसांचं बरंचसं सामान केस येण्याआधीच घरात होतं. एक जुना, अजूनही जिवंत असलेला तर्क असा की पहिले केस उबेसाठी नव्हतेच, स्पर्श जाणण्यासाठी होते, ऊब नंतरची. तो खरा ठरो न ठरो, त्यामागची गोष्ट खरी आहे: प्रत्येक केसाच्या बुडाला मज्जातंतूंचा वेढा असतो. एका हाताच्या बोटाने दुसऱ्या हातावरची लव त्वचेला न शिवता नुसती हलवून बघा. कळतं ना?

आता तिसऱ्या गटाकडे, अवशेषवाल्यांकडे वळते. त्यांचा युक्तिवाद ऐकायला भक्कम आहे आणि त्याला थोरामोठ्यांचा आधार आहे. थंडी वाजली, भीती वाटली की आपल्या अंगावर काटा येतो. प्रत्येक केसाला एक बारीक स्नायू असतो, तो आकसतो आणि केस उभा राहतो. मांजर असं करते तेव्हा दुप्पट मोठी दिसते, कुत्रं समोर आलं तर तेही क्षणभर विचार करतं. आपण केलं तर कुणाला काही दिसतसुद्धा नाही. डार्विनने या स्नायूंकडे पूर्वजांची खूण म्हणून बोट दाखवलं ते योग्यच होतं. पण 'अवशेष' आणि 'निरुपयोगी' हे दोन शब्द एकाच अर्थाचे नाहीत. २०२० साली हार्वर्ड आणि तैवानमधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की काटा आणणारा हा स्नायू एका मज्जातंतूला रोमकूपातल्या मूळपेशींपर्यंत नेऊन पोचवतो, आणि लांबलेल्या थंडीत त्याच वाटेने 'नवा केस उगव' असा निरोप जातो. स्नायू काढला की मज्जातंतूची जोडणीही तुटते. हे उंदरातलं आहे, माणसावर जसंच्या तसं लादू नये. पण माणसावरचा एक प्रयोगही आहे, आणि तो ढेकणांचा आहे! इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात स्वयंसेवकांच्या एका हातावरची जागा भादरली, दुसऱ्यावरची तशीच ठेवली, आणि भुकेले ढेकूण सोडले. लव असलेल्या हातावर ढेकणाला चावायची जागा शोधायला जास्त वेळ लागला आणि माणसाला तो चालताना लवकर कळला. ज्याने चाळीतल्या खाटा उन्हात टाकून ढेकूण मारले आहेत त्याला या संशोधनाची थोरवी वेगळी सांगायला नको.

तरीही मी अवशेषवाल्यांना हरवण्यासाठी ढेकणाचा आधार घेणार नाही. समजा, लवेचा खरोखर काडीइतकाही उपयोग नसता. मग? कानाच्या पाळीवाचून ऐकण्याचं फारसं काही अडत नाही. आपण तीत कुड्या घालतो. निरुपयोगी म्हणून काढून टाका, असा नियम शरीराच्या दुसऱ्या कुठल्या भागाला आपण लावतो? आणि उलट, पुरुषाच्या दाढीचा उपयोग सांगा असं कुणी दारात अडवून विचारतं का? उपयोगाचं प्रमाणपत्र फक्त काही केसांकडे आणि फक्त काही माणसांकडेच मागितलं जातं. ते मागण्यातच अर्धा निकाल लागलेला असतो, आणि प्रमाणपत्र शोधायला धावणारा भला माणूस नकळत तो निकाल मान्य करून बसतो.

पहिल्या गटाबद्दल मला जास्त आपुलकी आहे. तेरा-चौदा वर्षांची मुलगी आरशासमोर रडत असेल तर 'अगं, सगळ्यांनाच असतं' हे वाक्य तिला लाखमोलाचं वाटतं, आणि ते खरंही आहे. माणसाच्या अंगावर सुमारे ५० लाख रोमकूप असतात. चिंपांझीच्या मानाने आपण तिथे मागे नाही. फरक एवढाच की आपले बहुतेक केस बारीक आणि फिके झाले. म्हणजे 'केसाळ बाई' आणि 'नितळ बाई' अशा दोन जाती नसतात, बिळं तीच असतात. हे प्रत्येक शाळेत शिकवावं. पण 'असतं' इथून 'म्हणून असू द्यावं' इथवर उडी मारली की पाय घसरतो. निसर्गाने टक्कलही दिलं आहे. टकलावर केस रोवून घेणाऱ्या नवरदेवाला निसर्गाचा अपमान केलास असं कोणी म्हणत नाही. नखंही केराटिनचीच, ती आपण दर आठवड्याला कापतो. निसर्गाने डोक्यात उवाही दिल्या, आणि त्यासाठी आई आपल्याला मांडीवर घेऊन फणी फिरवत बसायची. शिवाय जे लोक आज एका मुलीच्या बाजूने 'नैसर्गिक' म्हणतात त्यांनी विसरू नये की हा शब्द बायकांच्या विरुद्ध त्याहून कितीतरी जास्त वेळा वापरला गेला आहे. चूल नैसर्गिक होती, अज्ञान नैसर्गिक होतं, दरवर्षीचं बाळंतपण नैसर्गिक होतं.

निसर्गाचा दाखला उलट बाजूनेही देता येतो, आणि दिला गेला आहे. १८७१ साली डार्विनने मांडलं की माणसाचे केस कमी झाले ते जोडीदाराच्या आवडीमुळे, आणि बायकांचे जास्त कमी झाले ते पुरुषांना नितळ बाई आवडली म्हणून. आजचा टवाळ हेच म्हणतो, फक्त शुद्धलेखन वाईट. या तर्काला स्पर्धक बरेच आहेत. उन्हात लांब पल्ला चालणाऱ्या, घामाने थंड होणाऱ्या प्राण्याला केसांचा कोट नको होता, हा एक. गोचिडा-पिसवांना घर मिळू नये, हा दुसरा. डोक्यावरचे मात्र का राहिले? २०२३ साली उष्णता मोजणाऱ्या पुतळ्यावर माणसांच्या केसांचे टोप चढवून पाहिलं तेव्हा घट्ट कुरळ्या केसांनी डोक्याचं उन्हापासून सर्वांत चांगलं रक्षण केलं. यातलं काय किती खरं यावर अभ्यासकांचं एकमत नाही, आणि एकमत झालं तरी आपल्या प्रश्नाला त्याचा उपयोग नाही. लाखो वर्षांपूर्वीच्या एखाद्या पुरुषाला काय आवडत होतं, याचं देणं आजच्या दहावीतल्या मुलीने का फेडावं?

राहिला आजाराचा मुद्दा. हा मला सर्वांत अवघड वाटतो, कारण त्यात तथ्य आहे. पाळी अनियमित असेल, थोड्या काळात हनुवटीवर, छातीवर राठ केस वाढू लागले असतील तर डॉक्टरकडे जायलाच हवं. पीसीओएस, म्हणजे अंडाशयाशी निगडित हार्मोन्सचा विकार, असू शकतो, क्वचित आणखी गंभीर काही. 'केस म्हणजे केस, त्यात काय' असं म्हणून ही लक्षणं दुर्लक्षू नयेत, हे मी मैत्रिणींच्या मुलींना स्वतः सांगितलं आहे. पण फोटो बघून रोगनिदान करणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. 'जास्त केस' म्हणजे किती? १९६१ साली इंग्लंडमधल्या फेरीमन आणि गॅलवे या दोघांनी शरीराच्या अकरा भागांना केसांप्रमाणे ० ते ४ गुण देण्याची पद्धत काढली. आज तिचं नऊ भागांचं रूप वापरतात. बेरीज ठरावीक आकड्यापुढे गेली की अतिरिक्त केस धरतात. हा आकडा जगभर एक नाही. पूर्व आशियातल्या स्त्रियांसाठी तो खाली आहे, भूमध्य समुद्राकाठच्या आणि मध्यपूर्वेतल्या स्त्रियांसाठी वर, कारण त्या त्या समाजातल्या बहुतेक बायका जिथवर येतात तिथे रेघ ओढलेली आहे. डॉक्टरला अशी रेघ लागते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काकांना ती कशाला हवी?

'पुरुषी हार्मोन' या शब्दानेही घोटाळा केला आहे. अँड्रोजेन बाईच्या शरीरात असतातच; वयात येताना मुलीच्या काखेत केस येतात ते त्यांच्यामुळेच. आणि याच संप्रेरकांचे प्रताप बघा: पुरुषाच्या हनुवटीवर ती दाढी उगवतात आणि त्याच पुरुषाच्या टाळूवर टक्कल पाडतात. हुकूम एकच, पण हनुवटीवरचा रोमकूप त्याचा एक अर्थ लावतो आणि टाळूवरचा दुसरा. तेव्हा जाड केस दिसले की आत पुरुषपणा वाढला, असा हिशेब शरीर स्वतःच मानत नाही. माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. 'आजारी आहे म्हणून हसू नका' याचा अर्थ, आजारी नसती तर हसायला हरकत नव्हती. कणव दाखवताना आपण काय कबूल करून बसलो ते त्या भल्या लोकांच्या लक्षातच येत नाही.

स्वच्छतेवर फार वेळ घालवत नाही. काखेतले केस काढले की घामाचा वास कमी येतो हे मान्य. पण केस म्हणजे घाण हे समीकरण जिथे सर्वांत कडक पाळलं जावं त्या ऑपरेशन थिएटरातूनच ते हद्दपार झालं आहे. २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की शस्त्रक्रियेआधी शक्यतो केस काढूच नयेत, काढायचेच तर क्लिपरने कातरावेत, वस्तरा अजिबात नको. वस्तऱ्याने त्वचेवर बारीक जखमा होतात. आणि 'एकदा काढले की दुप्पट राठ येतात' हेही खोटं. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ सालीच ते मोजून खोडून काढलं. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट, म्हणून हाताला खरखर लागते. जावळ काढल्याने केस दाट होतात यावर विश्वास असणाऱ्यांनी जावळ खुशाल काढावं, तो सोहळा गोड असतो. दाट केसांची हमी फक्त देऊ नये.

इथवर वाचून कुणी मला पेचात पकडेल, आणि पकडावंच. 'केसांचा अर्थ माणसंच लावतात आणि ज्याचे केस त्याने ठरवावं म्हणता, मग डोक्यात जट आलेल्या बाईचं काय? तिला ती देवीची खूण वाटते. तिथे कात्री घेऊन जाणारे कार्यकर्ते कोण?' हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो माझ्या मताच्या नेमक्या जागी लागतो. जट म्हणजे काय ते आधी बघू. केसाच्या अंगावर कौलांसारखी बारीक खवलं असतात, सगळ्यांची तोंडं टोकाकडे. त्यामुळे केस एका दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. लोकर ओली करून, दाबून, लाटून बुरणूस करतात ते याच गुणावर. न विणता लोकर एकमेकीत घुसत जाते आणि पुन्हा सुटत नाही. कित्येक दिवस न विंचरलेल्या, मळलेल्या, तेलकट केसांचं डोक्यावरच तसं होतं. जट म्हणजे डोक्यावर तयार झालेला बुरणूस. तिच्या ओझ्याने मान दुखते, झोप लागत नाही, आत उवा होतात, धुणं अशक्य होतं. आता त्या बाईला नुसतं 'तुझी मर्जी' म्हणायचं का? तिला सांगितलेलं असतं की कापलीस तर देवी कोपेल, घरातलं कुणी जाईल. डोक्यावर अशी धमकी असताना मर्जी कुठली? पूर्वी तर याच खुणेवरून कोवळ्या मुलींना देवाला सोडलं गेलं. म्हणून तिच्याशी बसून बोलणं, लोकरीचं उदाहरण देणं, महिनोन्महिने वाट बघणं आणि मग तिने स्वतः 'काप' म्हटल्यावर कात्री लावणं, हे मला योग्य वाटतं. घाईने, चारचौघांत, फोटोसाठी कापणं योग्य वाटत नाही. आणि सगळं समजून, भीती जाऊनही एखादी ठेवीन म्हणाली तर? तर ती ठेवेल. मला ते आवडणार नाही.

केसांवर सत्ता कशी बसते हे बघायचं तर आपल्याच घरातल्या आरशात बघावं लागतं. नवरा मेला की ब्राह्मण विधवेचं केशवपन करायचं, आणि एकदा नव्हे, पुनःपुन्हा. काशीखंडात म्हटलं होतं की विधवेच्या बांधलेल्या केसांनी परलोकातल्या नवऱ्याला बंधन पडतं. केसांचा असा 'अर्थ' लावला की वस्तरा चालवायला आणखी कारण लागत नाही. आगरकरांनी या रूढीवर कोरडे ओढले. पण मला नेहमी आठवतो तो १८९० सालचा मुंबईतल्या नाभिकांचा पवित्रा. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने ते जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं त्यांनी ठरवलं. केस कशासाठी असतात याचा निकाल लागेपर्यंत ते थांबले नाहीत. शास्त्रार्थ करणाऱ्या कुणाच्याही हातात नसलेली गोष्ट त्यांच्या हातात होती, ती त्यांनी खाली ठेवली. त्यात त्यांची रोजी बुडत होती, हे विसरू नये.

राजेलोकांनाही केसांचं मोठं आकर्षण. १६४५ साली चीनमध्ये मांचू राज्यकर्त्यांनी हान पुरुषांना हुकूम दिला: पुढचं डोकं भादरा, मागे वेणी सोडा, नाहीतर डोकंच जाईल. माणसं खरोखर मारली गेली. आणि अडीचशेहून जास्त वर्षांनी, १९११ च्या क्रांतीनंतर तीच वेणी कापायची वेळ आली तेव्हा पुष्कळांना आपली परंपराच कापली जाते आहे असं वाटलं. सक्तीने आलेली गोष्ट इतकी अंगवळणी पडते की तिचा विरह सोसवत नाही. रशियाचा पीटर युरोपातून १६९८ साली परतला आणि सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापू लागला. पुढे दाढी ठेवणाऱ्यांवर कर बसवला, भरल्याची खूण म्हणून बिल्ला दिला. दाढी हा मागासपणा, असा त्याचा अर्थ. रशियन धर्मगुरूंच्या लेखी ती ईश्वराची प्रतिमा. केस बापडे तेच.

आता राजे गेले, जाहिराती आल्या. १९१५ साली अमेरिकेत बिनबाह्यांच्या कपड्यांची फॅशन आली तेव्हा जिलेटने खास बायकांसाठी पहिला वस्तरा बाजारात आणला, आणि तोवर कुणाच्या ध्यानीमनी नसलेली काख एकदम लाजिरवाणी झाली. १९२०च्या दशकात तिथल्या सौंदर्यगृहांत चेहऱ्यावरची लव क्ष-किरणांनी जाळत. केस जात, दुखत नसे, बायका खूश होत्या. काही वर्षांनी त्वचा सुकली, व्रण पडले, कर्करोग झाले. त्यांना कुणी हुकूम दिला नव्हता. पैसे देऊन, रांगेत उभं राहून, स्वखुशीने त्या तिथे गेल्या होत्या. 'माझी मर्जी' हा शब्द मीही वापरते, पण या बायका आठवल्या की तो उच्चारताना जरा अडखळते. वॅक्सिंग करणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना मी कधी नावं ठेवली नाहीत, स्वतःच्या भुवया कोरून घेते, आणि हे लिहिताना माझे केस रंगवलेले आहेत. मी एवढंच विचारते की न केल्यास काय होईल? काहीच होणार नसेल तर ती मर्जी. स्थळ मोडणार असेल, मुलाखतीत कुणी तोंडाकडे बघत बसणार असेल, बोर्डात पहिलं येऊनही देशभर टिंगल होणार असेल, तर तिला दुसरं काही नाव द्यावं लागेल.

गेल्या महिन्यात भाचीच्या बाळाला बघायला गेले होते. मुलगी, एकवीस दिवसांची. आंघोळ घालायला येणाऱ्या मावशी पाय पसरून बसल्या होत्या आणि तेल लावलेल्या कणकेच्या गोळ्याने तिच्या कपाळावरची, पाठीवरची लव चोळून काढत होत्या. बाळ टिपेला रडत होतं. गर्भातली ही लव काही आठवड्यांत आपोआपच गळते, श्रेय पिढ्यान्‌पिढ्या कणकेला मिळतं. मी तसं म्हटलं. मावशी म्हणाल्या, "जात असेल ताई. पण मुलीची जात आहे, उद्या कुणी बोलायला नको." भाची दारात उभी होती. तिने विचारलं, "मुलगा असता तर चोळलं असतं का हो?"

मावशींनी गोळा परातीत ठेवला, बाळाला उलटं केलं आणि कोमट पाण्याचा तांब्या उचलला. "त्याला काय करायचंय?"